क-४१७ आणि रविवारची गर्दी

८ जानेवारी, सोमवार

अखेर माझी आठवण झाली! आरोग्य खात्यात इतकी वर्षं खुर्ची झिजवली, आज मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एवढी गर्दी का होते ते शोधून काढा. साथ नाही, अपघात वाढलेले नाहीत, तरी बाकं भरलेली, डॉक्टर कावलेले, नर्स रडकुंडीला आलेल्या. मी म्हणालो, काढलंच समजा.

योजना जिना उतरता उतरता तयार. फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी, अँब्युलन्सच्या नोंदी, कॅज्युअल्टीच्या नोंदी आणि औषधांच्या दुकानांच्या नोंदी. आजवर या चौघींचं भांडलेल्या जावांसारखं, एकमेकींशी बोलणं नाही. त्या मी जोडणार. माणूस कुठल्या डॉक्टरकडे जातो, कुठली गोळी घेतो, कॅज्युअल्टीत कधी येतो, सगळं एका ओळीत. नावं मात्र काढून टाकायची आणि प्रत्येकाला एक नंबर द्यायचा. प्रायव्हसीच्या बाबतीत मी फार कडक. माझी स्वतःची आई त्यात असली तरी मला कळता कामा नये, असं साहेबांना ठणकावून सांगितलं. साहेब खूश.

संकल्प: मार्चमध्ये काम पूर्ण. रोज सकाळी अर्धा तास चालणे. दर रविवारी आईकडे जेवायला.

९ जानेवारी, मंगळवार

चालायला गेलो नाही. बूट सापडले नाहीत. बायको म्हणते, बूट कधी घेतलेच नव्हते.

१४ जानेवारी, रविवार

आईकडे निघणार तोच अँब्युलन्सवाल्यांची फाइल आली. सहज उघडली आणि अडकलो. दुपारी आईला फोन केला की जमत नाहीये. म्हणाली, असू दे, स्वयंपाक झालाय, खालच्या बाईंना देते. खालच्या बाई म्हणजे तिच्या खोलीखाली राहतात त्या, शिवणकाम करतात. आई गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी असते. वय चौऱ्याहत्तर, पण तब्येत काय! मी येणार म्हटलं की सकाळपासून ओट्यापाशी उभी. चार-चार पदार्थ.

जरा गरगरतं म्हणत होती. विचारलं, गोळ्या घेतेस ना सगळ्या? घेते म्हणाली. मग झालं तर. तिच्या बी.पी.चा प्रश्न मी मागच्या जुलैतच निकालात काढलाय. तिच्या कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांवर माझा विश्वास नाही, म्हणून घरबसल्या मोठ्या हार्ट स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट काढून दिली. खालच्या बाई तिला घेऊन गेल्या. स्पेशालिस्टनी त्यांची गोळी दिली, कोपऱ्यावरच्यांची चालू आहेच. म्हणजे डबल संरक्षण. मी बजावून ठेवलंय, एकही गोळी चुकवायची नाही. आई माझा शब्द मोडत नाही.

संध्याकाळी कुठल्याशा लँडलाइनवरून सारखा फोन. नंबराच्या शेवटी तीन शून्यं. हे प्लॉट घ्या, कर्ज घ्या वाले. रविवारीसुद्धा माणसाला सोडत नाहीत. उचलला नाही.

२२ जानेवारी, सोमवार

काल आईकडे नाही. कारण योग्य होतं, आता आठवत नाही.

मदतीला एक बाई दिल्यात. चाळिशीच्या, स्टॅटिस्टिक्स शिकलेल्या, दुसऱ्या खात्यातून आलेल्या. मी त्यांना मनात आकडेबाई म्हणतो. कामाला वाईट नाहीत, पण खोड एकच. प्रश्न विचारतात. आल्या आल्या विचारलं, जे लोक सारखे येतात ते का येतात असं आपल्याला वाटतं? मी म्हणालो, फुकट असतं म्हणून. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे प्रश्नचिन्हही काढलं. मी बघितलं.

५ फेब्रुवारी, सोमवार

ऐतिहासिक दिवस. नोंदी जोडल्या गेल्या! चार नव्हे, तीन. औषधांच्या दुकानांची फाइल वगळली. त्या फाइलीला ना शेंडा ना बुडखा. एकाच औषधाची पन्नास नावं, प्रत्येक कंपनीचं वेगळं. ती एकमेकांशी जुळवत बसायचं म्हणजे महिनाभर डोकेफोड. शिवाय ती जोडली की माझा डॅशबोर्ड, म्हणजे स्क्रीनवरचा आलेखांचा तक्ता, घाट चढणाऱ्या गाडीसारखा कुंथतो. आकडेबाई म्हणाल्या की माणूस काय घेतो ते कळलं नाही तर तो का येतो ते कळणार नाही. मी म्हणालो, बाई, आपण गर्दी मोजतोय, गोळ्या नाही. त्यांनी वहीत आणखी एक प्रश्नचिन्ह काढलं. काढण्याची पद्धत मला आवडली नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

आईकडे जायचं अगदी नक्की होतं. केस कापायला गेलो, तिथेच वेळ गेला. फोन केला. आई म्हणाली, सकाळपासून उभी आहे, आता बसते जरा. म्हटलं बस की, कोण नको म्हणतंय. बायको हे ऐकत होती. म्हणाली की येत नाही हे सकाळी सांगावं, म्हणजे त्या एवढा घाट घालणार नाहीत. हिला प्रत्येक गोष्टीत सल्ला द्यायचा असतो. सकाळी मला कुठे माहीत होतं?

संध्याकाळी परत ती तीन शून्यं. दोनदा. ब्लॉक केला. कसा जीव थंडावला! हे आधीच करायला हवं होतं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं! रविवार संध्याकाळ! गर्दीचा आलेख आठवडाभर सपाट, रविवारी संध्याकाळी टेंगूळ. मी हर्षाने ओरडलो. शिपाई पाणी घेऊन आला.

आणि त्या टेंगळाच्या टोकावर बसलेली व्यक्ती: क-४१७. स्त्री, सत्तरीपुढची. सारखी येते, बहुतेक रविवारीच. तक्रार एकच, चक्कर. दर वेळी सलाईन लावतात, दोन तास झोपवतात, घरी पाठवतात. ॲडमिट एकदाही नाही. निदानाच्या रकान्यात काही नाही. म्हणजे रोग नाही. म्हणजे नाटक. आई याच वयाची आहे, पण जमीन-अस्मानाचा फरक! आई कधी हॉस्पिटलची पायरी चढत नाही.

आकडेबाईंनी टोकलंच. म्हणाल्या, या बाई जुलैच्या आधी एकदाही आलेल्या नाहीत, तर जुलैत काय झालं असेल? मी म्हणालो, सवय लागली असेल. एकदा खाट मिळाली की सोडवत नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मीटिंग गाजवली. साहेब, हॉस्पिटलचे लोक, कॅज्युअल्टीच्या डॉक्टरीणबाई, सगळे हजर. क-४१७ चा आलेख दाखवला तेव्हा हशा पिकला. मी म्हणालो, काही लोक रविवारी बागेत जातात, या बाई कॅज्युअल्टीत येतात. पुन्हा हशा. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. थकलेल्या होत्या.

मग माझी आवडती स्लाइड. या वारंवार येणाऱ्यांच्या नातेवाइकांना हॉस्पिटल फोन करतं, आणि बहुतेक जण उचलतच नाहीत! क-४१७ च्या पुढे तर ओळीने एकच शेरा, मुलाला फोन केला, उत्तर नाही. उत्तर नाही. उत्तर नाही. फेब्रुवारीपासून तर नंबर लागतच नाही. माझा आवाज चढला. म्हणालो, हे कसले मुलगे? म्हातारी आई कॅज्युअल्टीत पडलीय आणि हे खुशाल लोळतायत! लाजा वाटल्या पाहिजेत! साहेबांनी टेबल वाजवलं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. काही बाबतींत मी फार हळवा आहे.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, सलाईन आम्ही हौसेने लावत नाही, त्या बाईंचं बी.पी. खरंच तळाला गेलेलं असतं, का ते कळत नाही, रविवारी एका डॉक्टरने चाळीस माणसं बघायची तर कळणार कसं? हा तक्रारीचा सूर झाला. मी उपाय सांगितला. पिवळी पट्टी. सारखा येणारा आणि एकदाही ॲडमिट न झालेला माणूस खिडकीशी आला की स्क्रीनवर पिवळी पट्टी लागणार. त्याला आत घ्यायचं नाही. फॅमिली डॉक्टरांना उद्या भेटा असं नम्रपणे सांगून परत पाठवायचं. नम्रपणे हा शब्द माझा.

साहेबांनी मंजुरी दिली. १७ मार्चपासून सुरू.

३ मार्च, रविवार

आज गेलो!! संकल्प म्हणजे संकल्प.

आई दारातच उभी होती. बारीक झाल्यासारखी वाटली, पण तिच्या जिन्यात उजेडच कमी. हाताच्या मागच्या बाजूला कापूस चिकटवलेला. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही रे, जेव तू. खालच्या बाईंना शिवायला मदत करते, सुई लागली असणार. वाढताना मधेच भिंत धरून उभी राहिली. म्हटलं बस ना. म्हणाली, आता बरं वाटतंय, तू आलायस ना.

तिने विचारलं हल्ली काय काम असतं एवढं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. अगदी सोप्या भाषेत. क-४१७ ची गंमतही सांगितली. दर रविवारी कशी येते, उगाच कशी झोपून राहते, तिच्यामुळे खऱ्या पेशंटला कशी जागा मिळत नाही. आई ऐकत होती. म्हणाली, अगंबाई, एवढा त्रास होतो का तिचा सगळ्यांना? मी म्हणालो, तर काय! तिने विचारलं की मग तिने काय करायला हवं? मी म्हणालो, घरी पडून राहावं, चक्करच तर येते, सोमवारी आपल्या डॉक्टरकडे जावं. आई म्हणाली, बरोबर आहे, आणि माझं ताट उचललं. काही सांगणार होती बहुतेक, पण तेवढ्यात साहेबांचा फोन आला आणि मला निघावं लागलं.

आईला माझ्या कामातलं किती कळतं! घरी आमच्या हिला नाही कळत.

१२ मार्च, मंगळवार

आकडेबाईंनी आगाऊपणा केला. मी वगळलेली औषधांच्या दुकानांची फाइल त्यांनी स्वतःच जुळवली. घरी बसून. पोरांचा अभ्यास घेता घेता, म्हणे. आणि सकाळी येऊन टेबलासमोर उभ्या.

म्हणणं असं: क-४१७ दोन डॉक्टरांकडून बी.पी.ची गोळी घेते. एक जुने डॉक्टर, दुसरे जुलैपासूनचे स्पेशालिस्ट. गोळ्यांची नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आतलं औषध एकच. या डॉक्टरला त्याचं माहीत नाही, त्याला याचं नाही. बाई बिचारी दोन्ही घेते, नेमाने, एकही चुकवत नाही. म्हणून बी.पी. तळाला. जास्त वेळ उभं राहिलं की चक्कर. रविवारी नक्कीच कुठेतरी बराच वेळ उभी राहत असणार.

ऐकायला ठीक आहे. पण आकडेबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. म्हणाल्या, हॉस्पिटलला सांगून या नंबरामागचं नाव उघडायला हवं, आजच फोन करून एक गोळी बंद करायला हवी, नाहीतर एखाद्या दिवशी हृदय बंद पडेल. नाव उघडायला अर्ज लागतो. अर्जावर सही माझी लागते. अर्ज टाइप करूनच आणला होता.

आता विचार करण्याची गोष्ट आहे. आज सही केली तर साहेब विचारणार, ही फाइल आधी का वगळली? पिवळी पट्टी पाच दिवसांवर आलीय. ऐन वेळी पाचर. मी म्हणालो, प्रायव्हसीचा प्रश्न आहे, घाई नको. १७ तारीख पार पडू दे, सोमवारी १८ ला पहिलं काम हेच. त्या म्हणाल्या, सर, मध्ये रविवार येतोय. मी म्हणालो, दर आठवड्यात येतो.

१५ मार्च, शुक्रवार

अर्ज पुन्हा माझ्या फाइलींच्या सर्वांत वर आला. मी खाली ठेवला. जेवून आलो तर पुन्हा वर. या बाई माणसाचा अंत पाहतात. ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

त्या तोंडावर म्हणाल्या, तुमच्या घरचं कोणी असतं तर? मी म्हणालो, म्हणूनच तर नंबर दिलेत, घरचं-बाहेरचं करता येत नाही.

आईचा फोन आला होता, मी घेऊ शकलो नाही. बायकोने घेतला. आई रविवारी येतोस का विचारत होत्या म्हणे. बायकोने परस्पर हो सांगून टाकलं! हिला ठाऊक आहे की रविवारी उद्घाटन आहे. म्हणते, तुम्ही स्वतःच सांगा मग त्यांना. उद्या सांगतो.

१७ मार्च, रविवार

पिवळी पट्टी सुरू! ऑफिसच्या मोठ्या खोलीत स्क्रीन लावला, साहेब सहकुटुंब आले. मी नवा शर्ट घातला. आईला सांगायचं राहिलं ते दुपारी आठवलं. फोन केला, उचलला नाही. झोपली असेल.

संध्याकाळी सगळ्यांची नजर स्क्रीनवर. आणि पहिली पट्टी कुणाची लागावी? क-४१७! खोलीत एकच टाळ्या. जणू नाटकात नटीची एन्ट्री. मी साहेबांना म्हणालो, बघा, ठरल्याप्रमाणे हजर. शेरा आला, तपासणीविना परत. काही मिनिटांत काम फत्ते. साहेबांनी हात मिळवला.

मग एक छोटी गडबड झाली. थोड्याच वेळात तोच नंबर पुन्हा उमटला, या वेळी लाल. स्ट्रेचर. बाहेरच्या पायऱ्यांवर पडली, शुद्ध नाही. सरळ आहे, एकच माणूस इतक्यात दोनदा येत नाही, सॉफ्टवेअरने दुबार नोंद केली. आकडेबाईंना म्हणालो, ती दुसरी ओळ काढून टाका, साहेबांच्या मिसेसना कशाला गोंधळात टाकायचं.

त्यांनी काढली नाही. उठल्या, माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांसमोर हॉस्पिटलला फोन लावला. ओरडूनच सांगत होत्या की नाव माहीत नाही पण आत्ता पायऱ्यांवर पडलेल्या ज्या बाई आहेत त्या एकच औषध दोनदा घेतायत, दोन्ही बंद करा, डॉक्टरांना सांगा, आत्ता सांगा. माझ्या सहीशिवाय! कार्यक्रमाचा सगळा विचका. लेखी खुलासा मागवणार आहे.

बायकोचे सात मिस्ड कॉल. उद्घाटन संपल्यावर बघतो म्हटलं.

१८ मार्च, सोमवार

आई आयसीयूत आहे.

खालच्या बाईंनी बायकोला फोन केला. बायको माझ्या आधी पोचली.

मनगट मोडलंय, कपाळावर टाके. ते काही नाही म्हणतात. नाडी फार मंद झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या ऑफिसातून त्या बाईंचा फोन आला नसता तर आम्ही डोक्याच्या माराकडेच बघत बसलो असतो. मग म्हणाल्या, तुमचा फोन कधीच का लागत नाही? मी म्हणालो, मला कोणी फोनच केला नाही. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. वर आईचं नाव. खाली मुलगा, आणि माझा नंबर. त्याखाली ते सगळे शेरे. मला पाठ आहेत, मीच स्लाइड केली होती.

हॉस्पिटलच्या नंबराच्या शेवटी तीन शून्यं आहेत. हे आधी कुठेतरी मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं. जनतेला कसं कळणार?

डॉक्टरीणबाई स्क्रीन परत वळवून पुढच्या पेशंटकडे गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तांत्रिकदृष्ट्या पट्टी बरोबर चालली. नियमात बसत होतं. माझं नाव त्यात कुठेच नाही.

दुपारी ऑफिसला जाऊन ड्रॉवर उघडला. सोमवारी सही करीन म्हणालो होतो. आज सोमवार. केली.

२१ मार्च, गुरुवार

आईला वॉर्डात आणलं. शुद्धीवर आहे, बोलते. रडू आलं. तिने डाव्या हाताने डोळे पुसले. माझे. उजवा प्लास्टरमध्ये आहे.

म्हणाली, चूक माझीच रे. तू येणार म्हणून सकाळपासून उभी होते, मग गरगरायला लागलं, पण तू सांगितलं होतंस ना, उगाच गर्दी करू नये, म्हणून पडून राहिले. खालच्या बाईंनी ओढून नेलं. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, आजी, उद्या तुमच्या डॉक्टरकडे जा, तेव्हा मी म्हटलं, बरोबर आहे, माझा मुलगाही हेच म्हणतो. आणि निघाले.

मग तिने हळूच विचारलं, माझ्यामुळे तुला ऑफिसात कोणी बोलणार तर नाही ना?

मी म्हणालो, नाही नाही, तू काळजी करू नकोस.

नर्स कागद भरत होती. संपर्काचा नंबर बदललाय, असं दिसलं. आता खालच्या बाईंचा आहे. जवळ राहतात म्हणून असेल. सोयीचं पडतं.

बायको माझ्याशी बोलत नाही. डबा मात्र भरून देते, आईचा.

२९ मार्च, शुक्रवार

चौकशी झाली. पिवळी पट्टी रद्द. प्रकल्प आकडेबाईंकडे. त्यांनी औषधांची फाइल कायमची जोडली. तशा दोन-दोन गोळ्या खाणाऱ्यांची केवढी रांग निघाली म्हणे, बहुतेक म्हातारी माणसं, बहुतेक आज्ञाधारक. एकेकाला फोन चाललेत. साहेबांनी टेबल वाजवलं. माझ्यासाठी वाजवलं होतं तसंच.

मला फर्निचर विभागात पाठवलंय. लोक कुजबुजतात, पण त्यांना कल्पना नाही. खात्यातली प्रत्येक खुर्ची, प्रत्येक कपाट आता माझ्या देखरेखीखाली. प्रत्येक खुर्चीला नंबर देणार आहे. मार्चमध्ये काम पूर्ण करायचं ठरवलं होतं, त्या हिशेबाने दोन दिवस आधीच मोकळा झालो.

जाताना आकडेबाईंच्या टेबलापाशी थांबलो. आभार मानायचे होते. स्टेपलर मागितला आणि आलो.

संकल्प: दर रविवारी आईकडे. या वेळी खरंच.

७ एप्रिल, रविवार

आई घरी आलीय. जाणारच होतो. पण मोकळ्या हाताने कसं जायचं, आणि काय न्यायचं ते ठरेना. बायको एकटी जाऊन आली. कशा आहेत विचारलं. म्हणाली, जाऊन बघा.

१४ एप्रिल, रविवार

गेलो. कुणाला न कळवता. आईला आनंदाचा धक्का द्यायचा होता. वाटेत बूट घेतले, चालायचे. तिला दाखवीन म्हटलं.

वर दाराला कुलूप. जिना कसा उतरलो ते माझं मला माहीत. खाली शिवणाच्या खोलीत आई बसलेली. गळ्यात अडकवलेल्या पट्टीत हात, पुढ्यात बटणांचा डबा, डाव्या हाताने रंग वेगळे करत होती. कुठल्यातरी गोष्टीवर दोघी खळखळून हसत होत्या. जेवणं झालेली, भांडीही घासून झालेली.

मला बघून आई म्हणाली, अरे, तू येणार होतास? मी धरलंच नव्हतं.

खालच्या बाई उठल्या, खुर्ची दिली. जेवलास का विचारलं आईने. हो म्हणालो. आईने माझ्याकडे बघितलं, तिला खोटं कळतं, पण ती ओट्याकडे उठली नाही. चहा बाईंनी केला. मी बूट दाखवले. छान आहेत म्हणाली.

विचारलं, आता गरगरत नाही ना?

म्हणाली, छे रे, एकदाही नाही. एक गोळी डॉक्टरांनी बंद केली, आणि रविवारी तुझी वाट बघणं मी बंद केलं.

रागावून नाही म्हणाली. तब्येतीचं सांगावं तसं सांगितलं आणि पुन्हा बटणं निवडायला लागली. मी थोडा वेळ बसलो. त्यांना मशीन लावायचं होतं, म्हणून उठलो.

बसने घरी आलो. रविवार असून गर्दी अजिबात नव्हती.